खालच्या माणसाची हवा

४ मार्च, सोमवार

आजपासून लिहून ठेवायचं. माझ्या डोक्यावर माझाच भरवसा राहिलेला नाही.

सकाळी पंप जाम झाला. कसं झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे उद्या स्वतःचीच समजूत घालायला जागा राहणार नाही.

साडेसातला होडी घेऊन फेरीबोटीपाशी गेलो. बोटीच्या तळाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडायचं काम. दर दोन-तीन महिन्यांनी हे तिच्याखाली उतरतात. बावीस वर्षं झाली. हे खाली, मी वर होडीत. माझ्यापुढे हवेचा पंप, पंपातून निघालेली पिवळी नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला यांचं तोंड. पंप दाबून पाठवेल तेवढीच हवा यांना. खाली दुसरी हवा नाही.

इंजिन सुरू केलं, पट्ट्यावर पंप फिरायला लागला. हे शिडीवर बसून कमरेला शिशाचा पट्टा बांधत होते, नेहमीपेक्षा सावकाश. सात-आठ मिनिटं झाली असतील. एकाएकी लोखंडाची किंकाळी, रबर जळल्याचा वास, धूर, आणि सगळं गप्प. इंजिन बंद करून पंपाचं चाक हाताने फिरवून पाहिलं. दगड.

यांचा एक पाय पाण्यात होता. आणखी दहा मिनिटांनी झालं असतं तर हे बोटीच्या पोटाखाली असते.

घरी आणून पंपाचं खालचं बूच उघडलं. तेलाचा एक थेंब बाहेर आला नाही.

तेल बघणं माझं काम. पंपाच्या पोटावर रुपयाएवढी गोल काच आहे, तिच्यात तेलाची रेघ दिसते. रेघ बघायची आणि मगच इंजिनाची दोरी ओढायची. आज मी रेघ बघितली होती. बघितली होती ना? डोळ्यांसमोर येते, पण ती आजची की शनिवारची, शपथेवर सांगता येत नाही.

हे एवढंच म्हणाले, "होतं असं. माणूस म्हटला की विसरायचाच." चहा यांनीच केला. माझ्याकडे न बघता कप पुढे सरकवला. बघवत नसेल.


५ मार्च, मंगळवार

काच काढून रॉकेलने पुसली. रेघ गेली नाही. ती तेलाची नव्हतीच, वर्षानुवर्षांचा तपकिरी डाग आहे. म्हणजे मी काल बघितली असेन आणि डागालाच तेल समजले असेन.

तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडला. मग विचार आला, तेल गेलं कुठे? होडीत सांडलेलं नाही. पंप बाहेरून कोरडा. बूच घट्ट होतं. चार माप तेल हवेत उडत नाही. एकच उत्तर उरतं. बदलायचं म्हणून मीच जुनं तेल काढलं आणि नवं ओतायला विसरले. कधी? काही केल्या आठवत नाही.

बुचाखाली तांब्याची चकती असते. ती उलटी बसवलेली निघाली. बाबांच्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानात या चुकीसाठी मी अकराव्या वर्षी टपली खाल्ली होती. त्यानंतर चकती कधी उलटी बसवलेली नाही. आता हातही विसरायला लागले म्हणायचे.

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग गॅस, मग आमची नावं. तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. मी आता चोपन्नच.


८ मार्च, शुक्रवार

फेरीबोटीचा इंजिनिअर घरी आला होता. उंच माणूस, दारातून वाकूनच आत येतो आणि आत आल्यावरही वाकलेलाच राहतो. तीस तारखेला बोटीची तपासणी आहे. तळ साफ नसेल तर बोट बंद ठेवावी लागेल आणि पलीकडच्या लोकांना यायला-जायला दुसरं काही नाही.

"नवा पंप?" त्याने विचारलं.

"मागवला तर पावसाळ्यानंतर येईल," हे पटकन म्हणाले. "तुम्ही दुसरा कोणी पाणबुड्या बघा की या खेपेला. आमची काही हरकत नाही."

मला ते कसंतरीच वाटलं. बावीस वर्षांचं काम आणि माझ्या एका विसरण्यापायी यांनी दुसऱ्याच्या हातात द्यायचं? मी म्हटलं, "पंप मी उघडते. अठ्ठावीसपर्यंत चालू करून देते."

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. हे जमिनीकडे बघत होते. "ती करेल," म्हणाले. "तिने ठरवलं की करते."

बोलून तर बसले. आता पंप बिघडवणाऱ्या हातांनीच तो दुरुस्त करायचा आणि त्या हवेवर यांना खाली सोडायचं!


११ मार्च, सोमवार

दोन सिलिंडर आहेत. हेड, म्हणजे वरचं झाकण, उचललं. एका सिलिंडरमधला पिस्टन मोकळा आहे, दुसऱ्यातला भिंतीला चिकटून बसलाय. चार दिवस त्याच्यावर डिझेल आणि तेल एकत्र करून ओतून ठेवलंय. बाबा म्हणायचे, जाम झालेल्या लोखंडाशी भांडू नये, त्याला भिजू द्यावं. रोज सकाळी लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके देते. जास्त जोर लावला तर पिस्टन फुटेल.

हे दिवसातून चारदा येऊन विचारतात, "सुटला का?" बावीस वर्षांत यांनी पंपाची चौकशी केली नव्हती. मी "नाही" म्हटलं की "राहू दे, जपून कर," म्हणतात आणि जातात. आज अंगण झाडताना शीळ घालत होते. माझं मन हलकं व्हावं म्हणून बिचारे काय काय करतात.


१४ मार्च, गुरुवार

सुटला! दहाव्या की अकराव्या ठोक्याला बोटांना कळलं, कानाला नंतर. केसभर हलला. मग पाव इंच. मग एकदम खाली गेला आणि चाक फिरलं. मी लहान मुलीसारखी ओरडले.

हे मोरीत तोंड पुसत होते. जानेवारीत कान दुखायला लागल्यापासून हे डोक्यावरून पाणी घेत नाहीत, ओल्या फडक्याने पुसून घेतात. धावत आले, चाक बघितलं, म्हणाले "अरे वा," आणि पायरीवर बसले. बराच वेळ बसून होते. मी म्हटलं, "बरं वाटत नाही का?" तर म्हणाले, "उन्हाने."

ऊन अंगणात अजून उतरलंही नव्हतं.


१५ मार्च, शुक्रवार

सिलिंडर घेऊन लेथवाल्या काकांकडे गेले. बाबांच्या दुकानातले एकटेच उरलेत. त्यांनी आत बोट फिरवलं आणि भिंतीवरचे चरे उजेडाला धरून दाखवले.

"तेल कमी होतं म्हणतेस? कमी नव्हतं, पोरी. थेंबही नव्हता. असा कोरडाठाक पंप मी पाहिला नाही. आपोआप एवढं जात नाही. कोणीतरी काढल्याशिवाय नाही."

"मीच काढलं, काका. आणि भरायला विसरले."

"तू?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग सिलिंडर परत उजेडाला धरला. त्या 'तू'चा अर्थ मी समजले. त्यांनाही आई आठवली असणार.

सिलिंडर एक माप मोठा करून घासून देतो म्हणाले, पण चरा खोल निघाला तर टाकून द्यावा लागेल. घरी येऊन हे सांगितलं तर यांचा चेहरा खुलला. "मग नसेल होत तर नको लागूस मागे," म्हणाले. "कशाला एवढा त्रास करून घेतेस?" संध्याकाळी माझ्या हातातली भांडी घेऊन यांनी घासली. मला कोणी रागावत का नाही? कोणीतरी एकदा सडकून रागवा आणि मोकळं करा.


१९ मार्च, मंगळवार

सिलिंडर निभावला. आता त्याला मोठ्या मापाच्या रिंगा हव्यात. रिंगा म्हणजे पिस्टनच्या खाचेत बसणारी लोखंडी वळी. त्याच हवा वर आणि तेल खाली ठेवतात. सैल असल्या तर तेलाचा धूर हवेत मिसळतो आणि खालचा माणूस तो ओढतो. त्याला वास येईपर्यंत डोकं जड होतं, मग त्याला वर यायचं सुचतही नाही.

हे स्वतःहून म्हणाले, मी आणतो. मी चिठ्ठीवर लिहून दिलं: पासष्ट मिलिमीटर आणि वर अर्धा. संध्याकाळी साठच्या रिंगा घेऊन आले.

"चिठ्ठीवर पासष्ट होतं," मी म्हटलं.

"साठच होतं."

"चिठ्ठी दाखवा."

"टाकली वाटतं कुठेतरी." मग अगदी हळू: "तू साठच लिहिलं होतंस गं."

मला पाच आणि शून्य कळेनासं झालं का? मी वहीच्या मागच्या पानावर पासष्ट, पासष्ट असं पंधरा वेळा लिहिलं. सगळीकडे बरोबर आलं. पण चिठ्ठी लिहितानाही मला बरोबरच वाटलं होतं.


२० मार्च, बुधवार

सकाळच्या गाडीने जाऊन रिंगा मीच आणल्या. येताना डॉक्टरांकडे वेळ घेतली, दोन एप्रिलची. विसरण्याचा आजार बघतात ते डॉक्टर. यांना सांगितलं. हे दाढी करत होते, ब्लेड गालावर थांबलं. "एवढ्यात कशाला?" म्हणाले.

"आईच्या वेळी सगळे हेच म्हणाले होते," मी म्हटलं.

गालावर कापलं त्यांना. मी तुरटी दिली.


२३ मार्च, शनिवार

पंप जोडून झाला. एकेक गोष्ट करायची, वहीत खूण करायची, मग परत जाऊन हात लावून बघायचं. रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ दिल्या नाहीत. पिस्टनच्या दांड्याचे बोल्ट आवळले, खूण. व्हॉल्व्हच्या पट्ट्या नव्या, खूण. बुचाची चकती सुलट. नवी काच, स्वच्छ. तेल ओतलं, चार माप, मोठ्याने मोजत. तासाभराने पुन्हा रेघ बघितली. जेवण झाल्यावर पुन्हा. झाकण उघडून तेलात बोट बुडवून पाहिलं, कारण डोळ्यांवर विश्वास नाही.

अकरा खुणा झाल्या. दोन बोल्टांवर खूण होती तरी तिसऱ्यांदा पाना लावला. ते आवळलेलेच होते. हे दारातून बघत होते. "किती वेळा बघशील?" म्हणाले, आवाज कसातरी झाला. वैताग आला असेल. कोणालाही येईल.


२६ मार्च, मंगळवार

हवेची टाकी पाण्याने भरून हातपंपाने दाब देऊन पाहिली. कामाच्या दाबाच्या दीडपट. कुठून पाझरली नाही. जुनी टाकी हवेने फुटली तर आजूबाजूचं काही शिल्लक ठेवत नाही. तरी काटा वर चढत होता तेव्हा मी भिंतीआड उभी होते.

मग पंप हवेचं तोंड मोकळं ठेवून तासभर नुसता फिरवला. मग थोडा दाब. हात ठेवता येईल इतपतच गरम. आवाज चांगला आहे, पूर्वीपेक्षा चांगला. नळीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधून अर्धा तास ठेवलं. डाग नाही, वास नाही. शेवटी नळी तोंडात धरून मीच वीस मिनिटं श्वास घेतला. थंड, कोरडी हवा, रबराची चव.

आनंद व्हायला हवा होता. हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुपारी जेवलेही नाहीत.


२७ मार्च, बुधवार

यांना सांगून टाकलं. उद्याच्या कामानंतर मी पंपावर बसणार नाही. दुसरं माणूस बघा. उद्यासुद्धा एकटी बसणार नाही, लेथवाल्या काकांना बोलावलंय. त्यांनी यादी वाचायची, मी हात लावून दाखवायचं, त्यांनी स्वतः बघायचं.

"तुझ्यावर माझा विश्वास आहे," हे म्हणाले.

"माझा नाही. मी तुम्हाला मारून टाकेन एक दिवस आणि मला कळणारही नाही."

हे उठून बाहेर गेले. चप्पल न घालता.


२८ मार्च, गुरुवार

आता दुपारचे तीन वाजलेत. आजचं आजच लिहिते.

साडेसातला फेरीबोटीपाशी. आज तिची सुट्टी होती, वर एक पहारेकरी सोडला तर कोणी नव्हतं. काकांनी यादी वाचली. "तेल." मी काच दाखवली, झाकण उघडून बोट दाखवलं. "बूच." "पट्टा." "हवा ओढायचा पाइप इंजिनाच्या धुराच्या उलट बाजूला." सगळं झालं. दोरी ओढली. पंप गोड चालला. काका मान डोलवत म्हणाले, "तुझ्या बापाने ऐकायला हवा होता."

यांनी शिशाचा पट्टा बांधला. सोडला, पुन्हा बांधला. मुखवटा लावला, नळी तोंडात धरली, शिडीवरून उतरले. पाणी छातीपर्यंत आलं, खांद्यांपर्यंत, डोकं खाली गेलं. शिडीच्या वरच्या पायरीवर बोटं दिसत होती. ती सुटली नाहीत.

माझ्या हातात खुणेची दोरी. खाली पोचलं की एक झटका. झटका येईना. मी टाकीवरच्या काट्याकडे पाहिलं. खालचा माणूस श्वास घेतो तेव्हा काटा केसभर उतरतो आणि परत चढतो. बावीस वर्षं मी यांचा श्वास त्या काट्यावर बघत आलेय, मिनिटाला बारा, फार तर चौदा. आज मोजायला लागले आणि मोजता येईना. काटा नुसता थरथरत होता.

हवा वाईट आहे. माझ्या हवेने यांना मारलं. दुसरं काही मनात आलंच नाही. मी नळी आणि दोरी दोन्ही धरून ओढायला लागले, काकांनी काखेत हात घातले, आणि यांना होडीच्या काठावर खेचलं. मुखवटा निघाला. चेहरा पांढराफटक.

"काय झालं? वास आला? डोकं जड झालं? बोला ना!"

त्यांनी नळी थुंकली. "हवा चांगली आहे."

"खरं सांगा!"

"हवा चांगली आहे गं. एकदम चांगली." दात वाजत होते. "तेल मी काढलं."

मला कळलंच नाही.

"तीन तारखेला संध्याकाळी. तू बाजारात गेली होतीस. बूच मी काढलं. तू काही विसरली नाहीस. मला वाटलं, पंप गरम होईल, बंद पडेल, दिवस जाईल. मला फक्त एक दिवस हवा होता."

होडीला दुसरं टोक असतं ते कितीसं लांब? काका आमच्याकडे पाठ करून पंपाकडे बघत बसले.

"चिठ्ठी?" मी विचारलं.

"पासष्टच होतं. मी फाडली."

"तू माझ्या डोळ्यांसमोर," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, "तू महिनाभर बघत होतास? मी पासष्ट-पासष्ट लिहीत होते ते बघत होतास? मी आईचं नाव काढलं, डॉक्टरांची वेळ घेतली, आणि तू तिथे दाढी करत होतास?"

लग्नाला एकतीस वर्षं झाली. यांना मी कधी अरे-तुरे केलेलं नाही. आज तोंडातून गेलं आणि परत घ्यावंसं वाटलं नाही.

"हो," म्हणाले. "बघत होतो. रोज सांगायचं ठरवत होतो."

मी पंप बंद केला.  होडी काकांनी वल्हवली.


२९ मार्च, शुक्रवार

लिहिताना 'हे' लिहायला हात होत नाही. 'तो' लिहिते.

तो माझ्या पाठीकडे बघत बोलला. मी भांडी घासत होते, वळले नाही. जानेवारीत त्याच बोटीखाली त्याची नळी सुकाणू आणि तळ यांच्यामधल्या फटीत अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. ओढाताणीत मुखवटा निघाला, डोळ्यांना काही दिसेना. किती वेळ, त्याला माहीत नाही. हाताने चाचपत नळी सोडवली आणि वर आला. "तू विचारलंस, आज उशीर का? मी म्हटलं, शेवाळ फार होतं." तेव्हापासून तोंडावर पाणी आलं की त्याचा श्वास बंद होतो. बादलीतलंसुद्धा. कान कधी दुखलाच नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू वर बसून किती घाबरतेस ते मला माहीत आहे. त्यात मीही घाबरलो म्हटलं तर तू मला परत उतरू दिलं नसतंस."

"मग बरंच झालं असतं की!"

"हो," तो म्हणाला. "तेच तर. मग मी कोण उरलो असतो?"

मला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. भीती वाटते म्हणून माणूस खोटं बोलतो, हे समजू शकते. पण स्वतःची भीती त्याने माझ्या डोक्यात नेऊन ठेवली आणि मला तिच्याबरोबर एकटं सोडलं.

अकराला इंजिनिअर आला. दारात वाकून उभा. "काल काम झालं नाही म्हणे? उद्या तपासणी आहे."

तो आतल्या खोलीत होता. मी संतापाने पेटलेली, तरी तोंडातून काय निघालं? "पंप झाला नाही. मला जमलं नाही." का म्हटलं, देव जाणे. एकतीस वर्षांची सवय.

इंजिनिअर मान हलवून वळला. तेवढ्यात तो बाहेर आला, अनवाणी, दाढी वाढलेली. "थांबा. पंप ठणठणीत आहे. हिने नव्यासारखा केलाय. मी खाली जाऊ शकत नाही. मला भीती वाटते." मग माझ्याकडे वळला. "पंप मीच बिघडवला होता. ही बिघडवत नसते."

इंजिनिअर वळून परत दारात आला. मला वाटलं, हसेल. धक्क्यावर सगळे याला 'मासा' म्हणतात; संध्याकाळपर्यंत गोष्ट चार होड्यांवर पोचेल. पण इंजिनिअर एवढंच म्हणाला, "हे पंधरा दिवसांपूर्वी सांगायचं होतंत. मी बोट कोरड्या गोदीत ओढली असती." मग टोपी घातली आणि गेला. रागावून गेला. त्याचा राग बरोबरच होता.

उद्यापासून फेरी बंद. पलीकडचे लोक आमच्या नावाने बोटं मोडतील.


२ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांची वेळ मी रद्द केली नव्हती. महिनाभर स्वतःला वेडी समजल्यावर "तेल मी काढलं" एवढ्याने भीती निघून जात नाही. काल मीठ दोनदा घातलं तर पुन्हा आई आठवली.

तो बरोबर आला. मी नको म्हटलं नाही, चलही म्हटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला शब्द सांगितले, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या वयाला मीठ दोनदा पडतं. तेवढंच आहे."

मी उठले. तो उठेना. खुर्चीचे हात धरून बसला होता. डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "माझं थोडं होतं." मी बाहेर जायला निघाले तर म्हणाला, "नको. तूही ऐक."

जानेवारीची हकिगत त्याने पुन्हा सांगितली, या वेळी पूर्ण. मला सांगताना एक गोष्ट गाळली होती. अडकला तेव्हा त्याने खुणेची दोरी तीनदा ओढली होती, वर ओढ म्हणून. दोरीही त्याच फटीत अडकली होती. माझ्या हातापर्यंत काही आलं नाही.

मी त्या वेळी वर बसून संत्रं सोलत होते. मला आठवतं. मला सगळं आठवतं.


९ एप्रिल, मंगळवार

आठवडाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं मोठं काही झालं नाही. तो आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या माणसाकडे जातो. गोदीत ओढलेल्या फेरीबोटीचा तळ खरवडायला गेला होता, कोरड्यात, उभ्याने. त्या सुकाणूला त्याने हात लावून बघितलं आणि बाजूला जाऊन ओकला. मग परत येऊन काम केलं. धक्क्यावर दोघे-तिघे हसले. लेथवाल्या काकांनी त्यांना काय ऐकवलं ते मला कोणी सांगत नाही, पण आता हसत नाहीत.

माझा राग गेलेला नाही. एखाद्या सकाळी बरी असते, आणि कुठे चिठ्ठी दिसली की पुन्हा पेटते. त्याला अजून तूच म्हणते. तो काही म्हणत नाही. एक अट घातली आहे: भीती वाटली की सांगायचं, चहाच्या आधी. दोघांनीही. पहिले दोन दिवस लाजला. आता सांगतो. "आज थोडी आहे." "आज फार आहे, विचारू नकोस." सांगून झालं की चहा.

काल इंजिनिअरचा निरोप आला. बोटीचं इंजिन हवेच्या दाबाने सुरू होतं, त्याचे दोन पंप आहेत, त्यातला एक वर्षभर जाम पडलाय. "ज्या बाईंनी तो पंप उघडला त्यांनी येऊन बघावं," असा निरोप. बोलावणं याला नाही, मला.

आमच्या पंपाच्या तिप्पट मोठा असणार. टाकीवरचा दाब ऐकून मी निरोप आणणाऱ्याला आकडा पुन्हा विचारला. बाबांच्या दुकानातही असला पंप कधी उघडला नव्हता. चुकले तर चाळीस माणसांची बोट मधोमध थांबेल.

आज सकाळी त्याने विचारलं, "आज कोणाला?"

"मला," मी म्हटलं. "फार."

त्याने गॅस बारीक केला. "नाही म्हणायचं का त्यांना?"

मी विचार केला. "नाही. जायचंय."

"मग धक्क्यापर्यंत येऊ का? हत्यारांची पेटी जड आहे."

पेटी जडच आहे. मी आधी चहा संपवला.

"चल," मी म्हटलं. "पण धक्क्यापर्यंतच हं. पुढचं मी बघते."